दर्याचा घास

आत्याच्या शेळीचं नाव शेवंता. वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता असं मी लिहिलं, तर आमची घरमालकीण हिराबाय वरून खाली उतरून माझ्याशी भांडेल, म्हणून दुसरा नंबर म्हणते. पहिला हिराबायचाच. तिच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. आत्या, मामा आणि मी. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा अंधेरीला बस डेपोत मेकॅनिक होते. सकाळी अंगावर पाणी ओतता ओतता बुद्धवंदना म्हणायचे, आणि पाणी जितकं गार तितकी वंदनेची गाडी जोरात. मी एकदा ते उठायच्या आधीच मोरीत शिरून तशीच दात वाजवत वंदना म्हटली, तर आत्या चुलीपासून ओरडली, "आवो, च्या गार व्हतोय. किती येळ ते." मग मी बाहेर आले आणि तिनं फुंकणी उगारली, पण हसायला लागल्यामुळे ती फुंकणी नुसती हवेतच राहिली.

आवाज काढायची मला लहानपणापासून खोड. दहिवडीच्या शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढून एक वर्ग सुट्टीवर पाठवला होता. वेसाव्यात आल्यावर तर मला लॉटरीच लागली. होड्यांची इंजिनं, मासळी सुकवायच्या बांबूंवर बसणारे कावळे, सोडावॉटरच्या बाटलीची गोटी, हिराबायचं गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं आणि नवऱ्याशी बोलणं वेगळं, सगळं मी गोळा करत होते. संध्याकाळी मागच्या ओट्यावर आत्या भाकऱ्या थापायची, तव्यावर सुके बोंबील भाजायचे, आणि हिराबाय वरून पाट घेऊन यायची. "काय गो मंदा, आज कोनाला आनलंस?" म्हणायची. मी ज्याला आणलं असेल त्याला बोलायला लावायचे.

या सगळ्यात मी मुंबईला कशासाठी आले होते ते विसरायला व्हायचं. वडिलांनी मात्र विसरायची सोय ठेवली नव्हती. दहिवडीच्या स्टँडवर एसटीत बसवताना ते खिडकीतून म्हणाले होते, "हे बघ मंदे, बालवाडीत बाईची जागा हाय. सरपंचांना म्या सांगून ठिवलंय, पोरीचा निकाल लागंस्तवर थांबा. पास झालीस तर पुढं शिक, म्या आडवा येनार न्हाय. नापास झालीस तर गपगुमान ये नि पोरांना अ आ इ शिकव. समजलं?" त्यात वाईट काही नव्हतं. बालवाडीची बाई म्हणजे आमच्या गल्लीत मोठी गोष्ट. पण मला परत जायचं नव्हतं. दहिवडीत मी बोलायला तोंड उघडलं की लोक आधीच हसायला तयार असायचे, मी काय बोलते ते कुणी ऐकायचं नाही. आणि मला वाटायचं, आपल्याकडे कधीतरी बोलण्यासारखं काहीतरी असेल, तेव्हा काय करायचं?

कॉलेज अंधेरीतच होतं. पहिल्या दिवशी मी वर्गात बसले आणि तासभर एकही शब्द कळला नाही. सगळं इंग्रजी. माझं शिक्षण सगळं मराठीत, इंग्रजीचा आमचा मास्तर 'नाइफ'ला 'कनाइफ' म्हणणारा. पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे मुंग्या. रडले थोडी, मग दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मला शब्द कळत नसले तरी आवाज पाठ होतोय. वनस्पतिशास्त्राला रेगे सर होते. उंच, बारीक, नाकातून बोलायचे. वाक्याच्या शेवटी आवाज जिना चढल्यासारखा वर न्यायचे आणि तिथे उभं राहून विचारायचे, "डू यू फॉलो?" मग आमच्याकडे एकदा बघून स्वतःच उत्तर द्यायचे, "नो. यू डोन्ट." आणि बोटांवरची खडूची पूड फुंकायचे. हे असं सोनं समोर असताना मला पुस्तकाची काय गरज? मी सरांचा अख्खा तास उचलून घरी आणायचे. खोकल्यासकट.

उल्वाचा तास तर माझा हुकमी एक्का होता. उल्वा म्हणजे एक हिरवं शैवाल, समुद्रात होणारं. मी ओट्यावर उभी राहायचे, हातात फुंकणीचा खडू करायचे आणि सुरू. "उल्वा. कॉमन नेम, सी-लेट्यूस. द थॅलस इज अ थिन ग्रीन शीट. टू सेल्स थिक. अटॅच्ड टू द रॉक बाय अ डिस्क. मिस पिंटो, क्लोज द विंडो, इट इज रेनिंग ऑन माय बॉटल्स. डू यू फॉलो? नो. यू डोन्ट." हिराबाय पदर तोंडात धरून हसायची. मिस पिंटो ही माझ्या वर्गातली खिडकीजवळ बसणारी मुलगी. तिला वेसाव्यात सगळे ओळखायला लागले होते.

आत्याला मात्र नुसतं हसून पुरायचं नाही. ती चौथी शिकलेली, तिला अर्थ हवा असायचा. "ते सगळं ठीक हाय, पन म्हंजी काय?" असं विचारायची. मग मी कॉलेजच्या मराठी मुलींकडून जे तुकडे मिळाले होते ते जोडून सांगायचे. की बघ आत्या, झाडाझुडपांचे पण पत्ते असतात. हरित शैवाल हा जिल्हा. त्यात उल्वेलीज नावाचा तालुका. उल्वेसी हे गाव. उल्वा हे घर. आणि त्या घरातली माणसं म्हणजे जाती.

आत्याचा हात पिठात थांबला. "शेवाळाची बी जात काढली का मेल्यांनी?"

मामा पेपर वाचत होते, ते पेपराआड हसले. खाली केला नाही पेपर.

"आणि आत्या, यांच्यात दोन पिढ्या असतात. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की पुन्हा पहिली. पण दोघी दिसायला अगदी हुबेहूब. फरक आत, पेशीत. एकीत गुणसूत्रं जेवढी त्याच्या दुप्पट दुसरीत. बाहेरून ओळखूच येत नाही."

"म्हंजी सासू नि सून सारख्याच? मंग भांडान झाल्यावर शेजाऱ्यांनी कुनाची बाजू घ्यायची?"

हे मी पुढे मुलुंडच्या कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं आणि दर वर्षी आत्याचं हे वाक्य आतल्या आत हसून गिळलं. एकदाही वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, मुलांच्या जास्त लक्षात राहिलं असतं.

दसऱ्यानंतर सहामाही झाली. उल्वावर प्रश्न आला आणि मला आनंदाने घाम फुटला. डोळे मिटले, सर डोक्यात बोलायला लागले, मी लिहीत गेले. इंग्रजी स्पेलिंगची काय दशा झाली असेल ती असो, पण एक शब्द सोडला नाही. चार दिवसांनी सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर माझा पेपर होता. एका ओळीभोवती लाल गोल होता.

"मिस खरात," सर म्हणाले, "ही खिडकी कुठली?"

मी वाकून वाचलं. मी लिहिलं होतं, मिस पिंटो, क्लोज द विंडो, इट इज रेनिंग ऑन माय बॉटल्स. उल्वा दगडाला कशी चिकटते याच्या बरोबर खाली.

सरांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पेपर उलटा केला, मागे नापासाचे मार्क होते. "यू हॅव टेकन मी होम," ते म्हणाले. "सगळा मीच आहे यात. प्लँट कुठे आहे? उल्वा तू पाहिली आहेस का?"

"हो सर. बाटलीत."

"कशी आहे?"

"पांढरी, सर."

खरं सांगायचं तर बाटलीतली उल्वा पांढरीच होती. फॉर्मॅलिनमध्ये किती वर्षं पडून होती कुणास ठाऊक, रंग केव्हाच गेलेला, धुऊन धुऊन विरलेल्या रुमालाच्या चिंधीसारखी दिसायची. हिरवं शैवाल म्हणून आम्ही ती पांढरी चिंधी पाठ करत होतो आणि वर्गात कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. सर म्हणाले, "मार्चमध्ये प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतील. ते प्रश्न विचारतील. तेव्हा तू कोणाच्या आवाजात बोलणार?" आणि पेपर माझ्या हातात दिला.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. पण मी दोन दिवस कुणाचाच आवाज काढला नाही म्हटल्यावर आत्याला कळायचं ते कळलं. "वनस्पतीत गेली वाटतं," ती मामांना हळूच म्हणाली. आत्याला मूल नव्हतं. मी आल्यापासून तिने दोन नव्या पातळांना फॉल लावून घेतला होता आणि हिराबायला सांगत सुटली होती की आमची मंदी प्रोफेसर होणार. बालवाडीची गोष्ट तिला माहीत होती. ती त्या बालवाडीचं नाव काढायची नाही, जसं काही नाव काढलं तर जागा पक्की होईल.

आता घासाचं सांगते. आत्या माणदेशातली. जिथे आषाढातसुद्धा बांधाला हिरवं दिसलं तर माणसं थांबून बघतात. लहानपणी तिने शेळ्यांमागे फिरून कुठे तरवड, कुठे बाभळीच्या शेंगा असं गोळा करून दिवस काढलेले. समुद्राला ती घाबरायची, पाण्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण पावसाळा सरला आणि ओहोटीला मागचे खडक उघडे पडले, तर खडकच्या खडक हिरवेगार. पोपटी, चमकणारे, पानांच्या चुण्याच चुण्या. आत्याने दारातून ते पाहिलं आणि तिचा जीव वरखाली झाला. एवढं हिरवं असंच पडून आहे आणि आपण शेवंताला पेंड विकत घालतोय. दुसऱ्या दिवशी पदर खोचून, चप्पल काढून, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात माझं मनगट धरून ती खडकावर उतरली. दोनदा बसकण मारली, पण पाटीभर कापून आणलं. तीन पाण्यातून धुतलं, खारटपणा घालवला, शेवंतासमोर टाकलं. शेवंताने वास घेतला, आमच्याकडे बघितलं, आणि खाल्लं. आमच्याकडे शेळ्यांना लसूणघास घालतात. आत्याने याचं नाव ठेवलं दर्याचा घास.

कोळीवाड्यात हसू झालं. "गो बाय, आमच्या दर्याचं श्यावाल खाऊन तुझी बकरी पोहाया लागंल," हिराबाय म्हणाली. "मंग जाल्यान गावंल ती. कोनाची म्हनायची?" आत्या म्हणाली, "गावली तर दूध तुमचं." त्यानंतर आत्या आणखी पुढे गेली. घोळ, तांदुळजा, पाथरी असल्या रानभाज्यांवर वाढलेली बाई. शेळीला चालतं तर माणसाला का नाही, म्हणून तिने ते बारीक चिरून, लसूण-मिरची घालून बेसनात परतलं. झुणका झाला. मामांनी एक घास तोंडात घालून विचारलं, "मीठ जास्त पडलंय का समुद्र?" पण खाल्ला. मी पण खाल्ला. त्याला पावसात भिजलेल्या पालकासारखी चव होती आणि मागून एक शिंपल्यातल्या कालवांसारखा वास. आज मी तो खाणार नाही आणि कुणाच्या शेळीलाही घालणार नाही. त्या खडकांवर आज ते पूर्वीपेक्षा जास्त उगवतं, नाल्याच्या तोंडाशी तर गालिचा असतो, कारण घाण पाणी त्याला मानवतं. हिरवं दिसलं म्हणजे चांगलंच असतं असं नाही, हे आत्याला सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

सहामाहीनंतरच्या त्या गप्प दिवसांतल्या एका संध्याकाळी आत्या ओट्यावर बादलीत घास निवडत बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "मंदे, ती पिंटोची खिडकी म्हन की गं. लई दिस झालं." मला नको होतं. पण तिने तोंड असं केलं की उठले. नाक बारीक केलं आणि सुरू केलं. द थॅलस इज अ थिन ग्रीन शीट. आत्याच्या हातात हिरवा कागद होता, उजेडात धरलेला, पलीकडचा तिचा अंगठा त्यातून दिसत होता. टू सेल्स थिक. आत्याने त्याच्या खालच्या टोकाला नख लावलं, चट्‌कन खुडलं आणि टाकलं. अटॅच्ड टू द रॉक बाय अ डिस्क.

सरांचा आवाज तिथेच थांबला.

"आत्या, काय टाकलंस ते?"

"बूड. कचकच लागतं दाताखाली, दगूड असतोय त्यात."

मी मोरीच्या तोंडाशी बसून ते शोधलं. मसुराच्या डाळीएवढी चकती होती, टणक, खाली वाळूचे दोन कण धरून बसलेली. डिस्क. डिस्क म्हणजे बूड. शीट म्हणजे हे. मी महिनाभर हे कापलं होतं, डोक्यावर पाटीत वाहिलं होतं, झुणका करून खाल्लं होतं. आणि मला वाटत होतं उल्वा विलायतेत असते. पुस्तकात तिचे सगळे खडक तिकडचे होते, नाव तिकडचं होतं, आणि बाटलीत ती गोरी होती.

"काय झालं गं?" आत्या म्हणाली. "बया, चेहरा बघ. इंचू चावल्यावानी."

"आत्या, आपण उल्वा खाल्ली."

आत्याने बादलीत बघितलं, मग माझ्याकडे. "सरांची?"

त्यानंतरचे तीन-चार महिने मी ओहोटी सोडली नाही. आता मी आत्याचं मनगट धरत होते. खडकावरची पानं उन्हाने वाळून कागद होतात आणि भरती आली की परत जिवंत होतात, ते पाहिलं. खोल डबक्यात रुंद, लाटांच्या तोंडी आखूड आणि फाटकी, ते पाहिलं. सरांचं एकेक इंग्रजी वाक्य घेऊन जायचे आणि कुठल्या तरी खडकावर त्याचा अर्थ सापडायचा, चप्पल सापडावी तसा. खाडीच्या बाजूला, जिथे होड्या टेकतात, तिथे दुसरंच एक हिरवं होतं. लांब, केसाळ, काही ठिकाणी रुंद होऊन अगदी उल्वासारखं दिसणारं. शेवंता ते तोंडात घेऊन थुंकायची, कारण त्यात चिखल भरलेला असायचा. चिखल आत कसा जातो म्हणून मी एक तुकडा चिमटीत धरून चोळला, तर तो सटकला. म्हणजे बोटातून नाही, आतल्या आत. रिकाम्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींवर सरकाव्यात तसा. उल्वा चोळली तर असं होत नाही. तिचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, ती एकच कागद असते. हे पान नव्हतंच, ही नळी होती, दाबली गेलेली. सरांच्या तासात याच्यावर अर्धंच वाक्य होतं: एन्टेरोमॉर्फा, क्लोज रिलेटिव्ह, बट हॉलो, लाइक अ ट्यूब. मग घंटा झाली होती.

मार्चमध्ये प्रॅक्टिकल. बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या, खादी सिल्कची साडी, चष्म्याला साखळी. टेबलावर ओळीने नमुने मांडलेले, प्रत्येकापुढे उभं राहून नाव आणि लक्षणं लिहायची. या वर्षी बाटल्या नव्हत्या. सरांनी सगळं ताजं आणलं होतं. माझ्या त्या 'पांढरी, सर'चा हा परिणाम, असं मला नंतर प्रयोगशाळेच्या शिपायाकडून कळलं. सर स्वतः पहाटे वेसाव्याला जाऊन आले होते, हे मात्र सगळ्यांना आल्याआल्याच कळलं होतं. एका काचेच्या बशीत पाण्यात हिरवं रुंद पान तरंगत होतं. माझ्या पुढच्यांनी सगळ्यांनी बघितलं न बघितलं करून उल्वा लिहिलं होतं. माझ्याही डोक्यात सर बोलायला लागले, उल्वा, कॉमन नेम सी-लेट्यूस. मी पेन टेकवलं आणि सवयीने दुसऱ्या हाताने पान चिमटीत धरलं.

ते सरकलं.

मी पुन्हा धरलं, दुसऱ्या टोकाला. तिथेही सरकलं. त्या दिवशी पहाटे भरती होती, हे मला माहीत होतं, मी खडकावर गेले नव्हते. खडक पाण्याखाली असणार. म्हणजे सर खाडीच्या बाजूने उतरले, होड्यांजवळून काढून आणलं. सर तिथेच खिडकीपाशी उभे होते, खरे, दोन पायांवर. आणि डोक्यातले सर म्हणत होते उल्वा. उल्वा लिहिलं की पास. त्यात मला शंका नव्हती. मी एन्टेरोमॉर्फा लिहिलं. धीटपणा म्हणून नाही. बोटाला जे कळलं होतं ते न कळल्यासारखं करणं मला जमेना.

तोंडी परीक्षेला बाईंनी माझा कागद पुढे ओढला. "सगळ्यांनी उल्वा लिहिलंय. तू हे काय लिहिलंयस? व्हाय?"

"मॅडम, इट इज स्लिपिंग."

"हू इज स्लीपिंग?"

मागे कुणीतरी फुसकन हसलं. मी मान वर केली. सरांच्या आवाजात मला वाटेल तेवढं इंग्रजी येत होतं, पण हे वाक्य सर कधी बोललेच नव्हते. मग मी माझ्याच आवाजात, माणदेशी मराठीत सांगितलं. "मॅडम, हे पान न्हाय, नळी हाय. चपटी झाल्यामुळं पानासारखी दिसते. उल्वाचे दोन थर चिकटलेले असत्यात, ते एकमेकांवर सरकत न्हाईत. हे सरकतंय. आत पोकळ हाय. आणि हे खाडीतलं हाय, खडकावरचं न्हवं. आमची शेळी खात न्हाय हे."

बाईंनी 'शेळी' ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपल्याजवळचा उत्तरांचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "इथे उल्वा आहे. मिस्टर रेगे, तुमचा नमुना आहे ना?"

सर आले. माझ्याकडे बघितलं नाही. बशीतून पान उचललं, चिमटीत धरलं, आणि त्यांचा अंगठा हलताना मी पाहिला. एकदाच. मग ते बसले, पातळ काप निघावा म्हणून बटाट्याच्या फोडीत तुकडा धरला, ब्लेडने काप घेतला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. उल्वा असती तर पेशींच्या दोन रांगा चिकटून उभ्या दिसायला हव्या होत्या. मला बघायची गरज नव्हती. सरांनी बाईंना जागा करून दिली. बाई वाकल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रिंग आहे."

"येस," सर म्हणाले. "बांगडी आहे. मधे काही नाही. मी सकाळी खाडीतून आणलं आणि काप न घेता लेबल लावलं. शी इज राइट."

"मग बाकीच्या मुलांचं काय करायचं?"

सरांनी बोटांवर फुंकर मारली. खडू नव्हता तरी मारली. "ज्यांनी माझं ऐकलं त्यांना मार्क द्या. त्यांचा दोष नाही. आणि हिने माझं ऐकलं नाही, हिलाही द्या."

मी पास झाले. फार नाही, झाले. वडिलांनी सरपंचांना जागा भरून टाका म्हणून सांगितलं, तिथे शेजारची सुमन लागली आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली बाई झाली. निकालाच्या दिवशी आत्याने शेवंताच्या दुधाची खीर केली, हिराबायने भरलेलं पापलेट आणलं. जेवणं झाल्यावर सगळे म्हणाले, आता पिंटोची खिडकी होऊ दे. मी उठले, नाक बारीक केलं, तोंड उघडलं. उल्वाचा तास निघाला, पण सर निघाले नाहीत. मी आपली सांगत सुटले, पान कसं, बूड कसं, उन्हात काय होतं, पाण्यात काय होतं. हिराबाय हसायची थांबली आणि ऐकायला लागली. संपल्यावर आत्या म्हणाली, "ही तर तूच बोललीस." मी पुष्कळ प्रयत्न केला नंतर. मामा येतात, हिराबाय येते, दहिवडीचे हेडमास्तर अजून येतात. रेगे सर पुन्हा आले नाहीत.

रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट. नवं पुस्तक आलं होतं, त्यात चाळताना दिसलं की एन्टेरोमॉर्फा नावाचं घरच आता राहिलं नाही. पेशींच्या आतलं वाचायची विद्या आली आहे, त्यात कळलं की नळी काय आणि कागद काय, सगळी एकाच घरची माणसं. भिंत पाडली आणि दोन्हींचं नाव उल्वा ठेवलं. फार जुन्या काळी ज्यांनी पहिल्यांदा नावं दिली त्यांनीही उल्वाच म्हटलं होतं म्हणे. मी पुस्तक मिटलं. म्हणजे आजची परीक्षा असती तर माझं उत्तर चूक. सरांचं लेबल बरोबर.

मी पत्ता काढून बोरिवलीला गेले. सर मुलाकडे होते, काचा लावलेल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. आवाज बारीक झाला होता, पण वाक्य अजून जिना चढत होतं. मला त्यांनी ओळखलं, लगेच नाही, शेळी म्हटल्यावर. सुनेला हाक मारून म्हणाले, "अगं, ही बघ. हिने मला परीक्षेत नापास केलं होतं." मी त्यांना नवीन वर्गीकरण सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, दोनदा विचारून घेतलं, कोणी केलं, कशावरून केलं.

"म्हणजे मी पास," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि तू?"

इतकी वर्षं शिकवलं होतं, तरी याचं उत्तर मला पाठ नव्हतं.

"मी पण, सर. नळी पोकळच होती."

सरांनी मान डोलावली. मग सुनेला म्हणाले, हिला चहा दे, आणि खिडकी उघड जरा.